वाया गेलेली अंडी

आमच्या इमारतीच्या कुंपणाला लागून वॉचमनची खोली आहे. त्याच्या बायकोने दोन कोंबड्या पाळल्या आहेत आणि त्यातली एक परवापासून खुडूक झाली आहे, उबवणीला आली आहे. खुडूक कोंबडीचा आवाज ज्याने लहानपणी ऐकला आहे, त्याला तो तिसऱ्या मजल्यावरही ऐकू येतो. एरवीची कोंबडी ओरडते ती जगाला सांगायला. खुडूक कोंबडी बोलते ती फक्त पोटाखालच्या अंड्यांशी, आणि पोटाखाली अंडी नसली तरी बोलतच राहते. माघ संपत आला आहे. सकाळी पांघरूण सोडवत नाही आणि दुपारी पंखा लागतो. बारावीच्या मुलांची प्रात्यक्षिकं उरकली आहेत आणि मी त्यांची आनुवंशिकतेची उजळणी घेते आहे. फळ्यावर चार घरांचा चौकोन काढते, खडूने त्यात अक्षरं भरते. चौथ्या घरापाशी माझा हात दरवर्षी थोडा थांबतो. मुलांना वाटतं, बाई विसरल्या.

मी विसरलेली नसते. मला भीमाआत्याचं खुराडं आठवत असतं.

आत्याचं सासर नाशिकहून त्र्यंबककडे जाताना रस्त्यापासून आत, डोंगराच्या पायथ्याशी. मळ्यातली आठ-दहा घरांची वस्ती. सगळी माळ्यांची घरं, सगळी फुलं आणि भाजी करणारी. पहाटे टेम्पोत करंड्या चढायच्या, नाशिकच्या फुलबाजारात जायच्या आणि अकराच्या सुमाराला रिकाम्या परत यायच्या. आत्याचे यजमान, म्हणजे आमचे मामा, मालाबरोबर जायचे. मी सातवीत होते त्या वर्षी माघातल्या एका सकाळी ते असेच गेले. अकरा वाजता टेम्पो परत आला. करंड्या आल्या, मामा आले नाहीत. एका करंडीच्या तोंडावर फडकं बांधलेलं होतं आणि आत काहीतरी हलत होतं.

"तुमच्या मालकांनी धाडलंय," ड्रायव्हर म्हणाला. "म्हनले, घरी दे, मी मागून येतो."

आत्याने फडकं सोडलं आणि आतून एक मान वर आली. नुसती मान. पीस नसलेली, लालसर, सुरकुतलेली, वीतभर लांब. "पयल्यांदा मला वाटलं साप हाय," आत्या सांगायची. "मंग डोळा दिसला." मानेच्या खाली काळीभोर कोंबडी होती, उन्हात हिरवट झाक मारणारी. गळ्यापाशी पुढच्या बाजूला पिसांचा एवढासा झुबका तेवढा होता, बाकी सगळी मान उघडी. आत्याने तिला दाणे टाकले, पाणी ठेवलं आणि मामांचं ताट वाढून झाकून ठेवलं. मामा मागून येणार होते.

ते आले नाहीत. पोलिसांत सांगून झालं, गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, घाटावर शोधून झालं. माणसं नदीच्या काठाकाठाने सायखेड्यापर्यंत जाऊन आली, कारण पाण्यात काही असेल तर ते तिकडे लागतं. कोणी सांगितलं, निफाडकडे द्राक्षाच्या बागेत काम करताना पाहिलं. तात्या, म्हणजे मामांचे धाकटे भाऊ, चार दिवस त्या बागा धुंडाळत फिरले. भांडण झालेलं नव्हतं, देणं नव्हतं, आजार नव्हता. माणूस घरी कोंबडी पाठवतो आणि स्वतः येत नाही, याला काय म्हणायचं ते कोणालाच कळलं नाही.

वस्तीवरच्या बायकांना कळलं होतं. त्या म्हणायच्या, ही गिधाडाची जात, हिच्या पायगुणाने झालं. तेव्हा डोंगराच्या कड्यावरून गिधाडं उतरायची, ओढ्याकाठी मेलेल्या जनावराभोवती बसायची, आणि त्यांच्या माना अशाच उघड्या असायच्या. पुढच्या काही वर्षांत ती गिधाडं आभाळातून दिसेनाशी झाली. गुरांना टोचायच्या औषधाने ती मेली, हे आम्हाला फार उशिरा समजलं. आत्याच्या अंगणात मात्र ती मान राहिली, आणि एकीच्या दोन, दोनाच्या दहा झाल्या.

कारण आत्याने त्या कोंबडीचा वंश जिवापाड सांभाळला. शेजारच्या देशी काळ्या कोंबड्यापासून तिला पहिली पिल्लं झाली, त्यातली निम्मी उघड्या मानेची. त्यातला एक नर आत्याने मोठा केला आणि तेव्हापासून बाहेरचा कोंबडा अंगणात शिरू दिला नाही. शिरला तर काठी घेऊन हाकलायची. "ही त्यांनी धाडलेली हाय," एवढंच सांगायची. मोसंबीच्या झाडाखाली ती काळी, उघड्या मानांची मंडळी दिवसभर माती उकरत असायची आणि आत्याकडे सुट्टीत आलेली मी ओट्यावर बसून त्यांच्याकडे बघत असायचे. मला त्यांची भीती वाटायची हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. विशेषतः अकरा वाजता. रोज त्या वेळेला सगळ्या कोंबड्या एकदम उकरायच्या थांबायच्या, माना उंच करायच्या आणि रस्त्याच्या दिशेने बघत उभ्या राहायच्या. दहा-बारा लाल माना, एकही आवाज नाही. रस्त्यावर कोणी नसायचं. बांधावर आत्या तेवढी उभी असायची, पाठमोरी, मुठीत दाणे घेऊन. टेम्पोची वेळ झाली की ती बांधावर जायची आणि वेळ टळली की मूठ उघडायची. हे मला समजायला काही वर्षं लागली. समजल्यावरही त्या माना वर झाल्या की माझ्या अंगावर काटा यायचाच.

दोन वर्षं गेली. तात्यांच्या घरात मूल टिकत नव्हतं. एक पाचव्या महिन्यात गेलं, एक जन्मून तिसऱ्या दिवशी. कोणी जाणत्याने सांगितलं, घरातला माणूस अडकून पडलाय, त्याला वाट करून द्या. त्र्यंबकला असा विधी होतो. ज्याचा देह सापडत नाही त्याचा पुतळा करतात आणि त्या पुतळ्याला अग्नी देतात. एरवी बारा वर्षं वाट बघायची रीत, पण तात्यांच्या बायकोकडे बघवत नव्हतं. मग एका सकाळी तात्या आणि भावकीतले दोघे आत्याच्या अंगणात आले. बांधावरच्या म्हसोबाच्या शेंदरी दगडाजवळ आत्या कोंबड्यांना दाणे टाकत होती. तात्या चाचरत बोलले. विधी म्हणजे आत्याचं कुंकू जाणार, हे त्यांना बोलावं लागलं नाही.

आत्या रागाची नव्हती. त्या दिवशी मात्र तिचा राग अनावर झाला. ती म्हणाली, "ह्या काळ्या कोंबडीच्या वंशात ज्या दिवशी पांढरं पिलू निघंल ना, त्या दिवशी मी समजंन ते गेले. मंग न्या मला त्र्यंबकला. तवर माझ्या कपाळाला कोनी हात लावायचा नाय."

हे सूर्य पश्चिमेला उगवला तर, अशासारखं बोलणं होतं. पण ती ते म्हसोबासमोर उभी राहून बोलली, आणि आमच्याकडे देवासमोर बोललेलं बोलणं हवेत विरत नाही. चार दिवसांत वस्तीवर सगळ्यांना माहीत झालं, की भीमाने देवाला शब्द दिलाय. महिन्याभरात तो देवाचाच शब्द झाला. आत्याच्या कोंबडीखालून काय निघतं, त्यावर मामांचं असणं-नसणं ठरायला लागलं.

तेव्हापासून पिल्लं निघाली की तात्या बघायला यायचे. एकदा मी होते. त्यांनी एक पिलू उचललं, उलटं केलं आणि त्यांचा चेहरा पडला. "वहिनी, ह्याचं पोट पांढरं हाय."

"लहानपनी समद्या काळ्यांचं आसतंच," आत्या म्हणाली. "पिसं येऊ द्या."

आणि ते खरंच होतं. काळ्या पिलाच्या पोटावर, पंखाच्या टोकाला पांढुरकी लव असते, पिसं आली की ती जाते. तात्या महिनाभर त्या पिलाला येता-जाता बघत राहिले. ते काळं झालं तेव्हा त्यांनी सुस्कारा टाकला. तो सुटकेचा होता की निराशेचा, हे मला सांगता येणार नाही. त्यांनाही आलं नसतं.

मी एस. वाय. बी.एस्सी.ला गेले त्या वर्षी प्राणिशास्त्राच्या प्रकल्पासाठी विषय निवडायचा होता. बाकीच्या मुलींनी फळमाश्या घेतल्या. मी म्हटलं, आमच्याकडे कोंबड्या आहेत. सर खूश झाले. त्यांनी समजावलं, उघडी मान हा वरचढ गुण आहे, पण पूर्ण वरचढ नाही. आई-बाप दोघांकडून आला तर मान साफ उघडी. एकाकडूनच आला तर गळ्याशी पिसांचा झुबका राहतो. पिसांचा रंग वेगळा वारसा. पांढरा रंग कधी कधी पिढ्यानपिढ्या काळ्याखाली दडून राहू शकतो, आणि दोन्हीकडून आला तरच वर येतो. हे शेवटचं मी वहीत लिहून घेतलं आणि लिहिताना मला काही वाटलं नाही. अजूनही त्या पानाकडे बघितलं की मला माझ्या मठ्ठपणाचं नवल वाटतं.

माघ लागताच मी आत्याकडे मुक्कामाला गेले. तीन कोंबड्या आठ-आठ दिवसांच्या अंतराने खुडूक झाल्या होत्या. आत्याच्या पद्धती ठरलेल्या होत्या. अंडी विषम घालायची. टोपलीत राख आणि भुसा, त्याखाली एक लोखंडी खिळा आणि कोळशाचा तुकडा, म्हणजे ढग गडगडला तरी अंडं नासत नाही. प्रत्येक अंड्यावर कोळशाची रेघ. दोघींखाली तेरा-तेरा, तिसरीखाली अकरा. प्रत्येकीच्या सातव्या दिवशी मी भर दुपारी कोठीच्या खोलीचं दार लावून घेतलं आणि बॅटरीच्या काचेवर एकेक अंडं धरलं. कवच उजळून लाल व्हायचं आणि आत बारीक शिरांचं जाळं दिसायचं, मधोमध एक ठिपका, उड्या मारणारा. सदतीस अंड्यांपैकी दोन वांझ निघाली, तेरातलं एकेक. ती आत्याने तिथेच काढून टाकली. अठराव्या दिवशी पुन्हा बघितलं. आता आत सगळं काळोखाने भरलेलं होतं, आणि तो काळोख हलत होता. वरच्या पोकळीत चोचीची सावली टोचून जायची. पहिल्या कोंबडीखालची बाराच्या बारा जिवंत. मी वहीत तसं लिहिलं.

एकविसाव्या दिवशी सकाळी मी उठून खुराड्याकडे गेले तर आत्या आधीच तिथे होती, हात धूत होती. "नऊ निघाली," ती म्हणाली. "तीन वाया गेली."

नऊ पिल्लं काळी. दोन साफ मानेची, पाच झुबक्याची, दोन पिसांच्या मानेची. सरांनी सांगितलेल्या हिशेबाच्या इतक्या जवळ की मला आनंदाने नाचावंसं वाटलं. वाया गेलेली अंडी कुठेत म्हणून विचारलं, तर आत्या म्हणाली, उकिरड्यात पुरली, वास मारत होती. पुढच्या आठवड्यात दुसरी कोंबडी. अठराव्या दिवशी बाराही हलत होती. एकविसाव्या दिवशी आत्या माझ्याआधी उठलेली. "नऊ निघाली. तीन वाया गेली."

मी नाशिकला जाऊन सरांना वही दाखवली. सरांनी चष्मा वर केला. "दोन्ही वेळा चौथा हिस्सा गायब," ते म्हणाले. "यात योगायोग नसेल तर एक शक्यता आहे. काही गुण असे असतात, की दुहेरी आले तर पिलू कवचातच मरतं. ते जन्माला येतच नाही, म्हणून आपल्याला कधी दिसत नाही." मी म्हटलं, "सर, अठराव्या दिवशी ती जिवंत होती." सर म्हणाले, "मग शेवटच्या तीन दिवसांत मरत असतील." परतीच्या एस.टी.त मी खिडकीशी बसून विचार करत होते, की शेवटच्या तीन दिवसांत अंड्यांजवळ कोण असतं. कोंबडी असते, आणि आत्या असते.

तिसऱ्या खेपेला मी तांबडं फुटायच्या आत उठले. आत्याचं अंथरूण रिकामं होतं. मी माजघरातून जायला निघाले आणि थबकले, कारण माझ्या डोक्यावर कोणीतरी चिवचिवत होतं. माजघरात खुंटीला ती करंडी टांगलेली होती, मामांनी शेवटची पाठवलेली. आत्या ती कोणाला वापरू देत नसे. सात वर्षं ती तशीच होती, तोंडाला तेच फडकं. चिवचिव तिच्यातून येत होती. सात वर्षं रिकामी असलेली करंडी, अंधारी खोली, आणि आत नुकतं जन्मलेलं काहीतरी. खरं सांगते, त्या क्षणी मला शिकलेलं काही आठवलं नाही. मी मामांचं नाव घेतलं.

मागून आत्या आली. तिच्या ओच्यात काहीतरी होतं. ती घाबरली नाही. तिने करंडी खाली घेतली, फडकं सोडलं, ओच्यातलं पिलू आत ठेवलं. आत आणखी दोन होती. दारातून येणाऱ्या उजेडात तिन्ही पांढरी दिसत होती, फिकट, धुरकट पांढरी, आणि एकाची मान साफ उघडी होती.

"कधीपासून?" मी विचारलं.

"बोलले त्याच्या पुढल्याच साली पयलं निघालं," आत्या म्हणाली. "मंग दरसाल. अंधारात बी वळखू येत्यात. आंगचं सुकलं की काढून घेते."

"मग त्यांचं काय करतेस?"

"मारत नाय," ती पटकन म्हणाली. "माझ्या हातून नाय व्हायचं ते." फुलं तोडायला पेठकडून डोंगरातली माणसं यायची, त्यात पारू नावाची एक बाई होती. ती घरी परत जाताना आत्या तिच्या पाटीत पिल्लं घालायची, वर झेंडूचा पाला. पारूने कधी काही विचारलं नाही. तिकडे डोंगरात, जिथे आमच्यापैकी कोणी गेलेलं नव्हतं, तिथे कुठल्याशा अंगणात उघड्या मानांचा पांढरा कळप फिरत होता. मी तो कधी पाहिला नाही. पण धुक्यातून त्या माना वर येताना मला अजूनही दिसतात, जागी असतानासुद्धा.

मी तिथेच जमिनीवर बसले. चुलीतली राख घेतली आणि बोटाने चार घरं काढली. तिला सगळं सांगितलं. आत्या, यात देवाचं काही नाही. मामांनी पाठवलेली कोंबडी काळी होती, पण तिच्यात पांढरा रंग दडलेला होता. तू तिचा मुलगाच ठेवलास, बाहेरचा कोंबडा येऊ दिला नाहीस, म्हणून तो दोन्हीकडून यायला लागला. चारात एक पांढरं निघणारच. तू बोलली नसतीस तरी निघालं असतं. मी हे समजूत घालायला सांगत होते. मला वाटत होतं, मी तिच्या मानेवरचं जोखड उतरवते आहे.

आत्या त्या चार घरांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हंजे त्यांनी धाडली तवाच ते तिच्यात व्हतं."

"हो."

"पांढऱ्यानं काय व्हत नाय म्हनतीस."

"काही होत नाही."

"मंग काळ्यानं तरी काय व्हतंय?"

पाच वर्षं ती रोज सकाळी काळ्या कोंबड्यांकडे बघून कुंकू लावत होती. पांढरं पिलू मामांच्या मरणाचा पुरावा नसेल, तर काळं पिलू त्यांच्या जगण्याचा पुरावा नव्हता. मी तिचं जोखड उतरवत नव्हते, तिच्या पायाखालची फळी काढत होते. आत्याने पदराने ती चार घरं पुसली. तिने मला रागावून काही म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

नऊ-दहाच्या सुमाराला तात्या आले. आठ काळी पिल्लं त्यांनी एकेक करून उचलून पाहिली. मग माझ्याकडे वळले. "नलू, तू शिकलेली हायेस. तुझ्या वहीत काय म्हनतंय? ह्यांच्यात पांढरं निघंल का नाय?"

ओट्यावर आत्या शेवंतीच्या जुड्या बांधत होती. तिने मान वर केली नाही, पण तिचे हात थांबले. माजघरातून मला चिवचिव ऐकू येत होती. मला ती इतकी मोठी वाटत होती, की तात्यांना ऐकू येत नाही यावर माझा विश्वास बसेना.

"नाही तात्या," मी म्हणाले. "काळ्याला काळंच."

ते माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग "बरं" म्हणून गेले. त्यांच्या बायकोला तेव्हा तिसऱ्यांदा दिवस गेले होते. माझ्या एका वाक्याने कोणाचं काय होणार आहे, या विचाराने मी पुढचे कित्येक महिने नीट जेवले नाही. आनुवंशिकता शिकलेली मुलगी मी, पण मनातून मीही त्या म्हसोबाला घाबरत होते. प्रकल्पात मी लिहिलं, की चौथा हिस्सा पिल्लं कवचातच मरतात. सरांनी शाबासकी दिली. खोटं लिहून मिळालेली ती पहिली आणि शेवटची शाबासकी.

तात्यांना मुलगी झाली. टिकली. कुठलाही विधी न करता, आपली आपण टिकली. त्यानंतर तात्यांचा नेट ओसरला. बारा वर्षं भरली तेव्हा भावकीने पुन्हा विषय काढला, तर तात्याच म्हणाले, "शब्द हाय. पांढरं निघालंय का? मंग." मी नोकरीला लागले, माझं लग्न झालं, मूल झालं. दरवर्षी माघ-फाल्गुनात मात्र आत्याकडे एक चक्कर व्हायची. वस्तीवर इमारती सरकत आल्या होत्या, टेम्पोत करंड्यांच्या जागी प्लास्टिकचे क्रेट आले होते. आत्याचे केस पिकले. कोंबड्या अजून अकरा वाजता माना वर करायच्या. एकदा आम्ही दोघी ओट्यावर बसलेलो असताना ती सहज म्हणाली, "पिल्लं निघायच्या दिसात ते येत्यात. खुराड्यापाशी उभे ऱ्हात्यात." मी खुराड्याकडे बघितलं नाही. बघायचं धाडस झालं नाही. "काय बोलत नायत," आत्या म्हणाली, "नुसतेच उभे. आत येऊ का नको, आसं."

मामांना जाऊन अठरा वर्षं झाली त्या फाल्गुनात आत्याचा फोन आला. आत्या स्वतः फोन कधी लावत नसे. "पिल्लं निघालीत," ती म्हणाली. "बघून जा."

मी पोचले तेव्हा दहा वाजून गेले होते. बांधावरचा पळस फुललेला होता. अंगणात काळी कोंबडी पिल्लं घेऊन फिरत होती आणि त्या पिलांत दोन पांढरी होती. उघड्या उन्हात, सगळ्यांसमोर. पांढऱ्यातल्या एकाची मान झुबक्याची, एकाची साफ. आत्या ओट्यावर बसली होती. समोर तात्या उकिडवे बसले होते, डोक्यावरची टोपी काढून हातात धरलेली. मला वाटलं, ते आत्याला त्र्यंबकची तारीख विचारायला आलेत.

"वहिनी," ते म्हणत होते, "आजून कोनी बघितलं नाय. उचला ती. झाका."

आत्याने ती उचलली नाहीत.

"मला काय दिसत नव्हतं का दरसाल? पारूच्या पाटीत पाल्याखाली काय जातंय ते? नलूनं मला खोटं सांगितलं तवा बी आतून आवाज येत व्हता." त्यांनी माझ्याकडे बघितलं, पण रागाने नाही. "मी गप ऱ्हायलो. आमची दोन गेली व्हती तरी गप ऱ्हायलो. तुमचं कुंकू माझ्या तोंडानं पुसायचं नव्हतं मला. तवा नाय पुसलं, आता कशाला?"

इतकी वर्षं मला वाटत होतं, ती चिवचिव दोघींनाच ऐकू आली होती. माझे डोळे भरून आले. लाजेने, आणि तात्यांबद्दल जे काही वाटलं त्यानेही.

"लय झालं, भावजी," आत्या म्हणाली. तिचा आवाज साधा होता, भाजीला किती मीठ घालायचं ते सांगावं इतका साधा. "आठरा वरसं त्यांना दाराशी उभं ठेवलंय मी. ना आत, ना भायेर. मला वाटायचं, मी वाट बघतीया. यंदा ते दिसले तर लय थकलेले दिसले. म्हनलं, आता जाऊ द्यावं." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तू सांगितलं व्हतंस, चारात एक निघनारच. निघत व्हतंच. कवा दाखवायचं ते माझ्या हातात व्हतं."

त्र्यंबकला विधी तात्यांनी केला. आत्या मागे बसली होती, पाठ ताठ. कणकेच्या, पळसाच्या पानांच्या त्या पुतळ्याला मामांचं नाव देऊन हाक मारली, तेव्हा तिने एकदा वर पाहिलं. अग्नी दिला तेव्हा डोळे मिटले. रडली नाही. परतीच्या वाटेवर तिच्या कोऱ्या कपाळाकडे बघायचं मी टाळत होते. तिनेच माझा हात धरला आणि खिडकीबाहेर बघत, यंदा झेंडू लवकर संपला, असं काहीतरी बोलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने माजघरातली करंडी खुंटीवरून काढली. फडकं सोडलं, धूळ झटकली, करंडी उन्हात उलटी ठेवली. मग आत राख घातली, भुसा घातला, खिळा आणि कोळसा ठेवला आणि तेरा अंडी मांडली. खुडूक झालेली एक काळी कोंबडी होती, तिला वर बसवली. "आता निघंल ते निघंल," म्हणाली आणि हात धुऊन ओट्यावर जुड्या बांधायला बसली, रस्त्याकडे पाठ करून. मी शेजारी बसले.

अकरा वाजले. मोसंबीखालच्या कोंबड्या एकदम थांबल्या. माना उंच झाल्या, रस्त्याच्या दिशेला वळल्या. बांधावर कोणी नव्हतं. आत्याने सुतळी दाताने तोडली आणि पुढची जुडी हातात घेतली. कोंबड्या थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग एकेक करून खाली वाकल्या आणि माती उकरू लागल्या.